गुप्तहेर कोणतं काम नाकारतो?

मुलगा हिंजवडीत नोकरीला, आईवडील नांदेडला, आणि स्थळ आलंय वेबसाइटवरून. चौकशी करायची कुणाकडे? पूर्वी एखादा मामा निघायचा, नाहीतर ऑफिसातला कुणी ओळखीचा. आता तसं कुणी सापडत नाही, म्हणून लोक डिटेक्टिव्ह एजन्सीकडे जातात. त्यात मला काही गैर वाटत नाही. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना मला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. एजन्सीत गेल्यावर लोक फी विचारतात, अहवाल कधी मिळेल ते विचारतात. माहिती कशी काढणार, हे मात्र विचारत नाहीत.

आपल्याकडे खासगी गुप्तहेराला परवाना देणारा केंद्रीय कायदा नाही. २००७ साली तसं विधेयक राज्यसभेत आलं होतं; त्याचा कायदा झालाच नाही, पुढे ते मागे घेतलं गेलं. २००५चा कायदा आहे तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींसाठी. तेव्हा कुणी ‘आम्ही सरकारमान्य’ म्हणाला, तर मान्यतेचा कागद दाखवा म्हणावं. बहुधा पुढे येतो तो गुमास्ता परवाना किंवा जीएसटीचा नंबर. त्यावरून धंदा नोंदलेला आहे एवढंच कळतं. तेही बघाच, कारण उद्या तक्रार करायची वेळ आली तर नाव-पत्ता तरी हाताशी असतो.

मग पारख करायची कशी? माझा एक प्रश्न ठरलेला आहे, आणि तो मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सांगते: ‘मुलाच्या मोबाइलचा सीडीआर काढून द्याल का?’ सीडीआर म्हणजे कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला याची नोंद. ती कंपनीकडून मागवण्याचा अधिकार तपास यंत्रणांचा, आणि तिथेही वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फतच. खासगी माणसाला ती मिळण्याचा सरळ मार्ग नाही. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी टोळी पकडली, तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेर होते, आणि माहिती मागवणाऱ्यांपर्यंतही समन्स पोचले. म्हणून ‘थोडे जास्त पडतील, पण होईल’ असं उत्तर आलं की तिथून उठायचं. बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपचे मेसेज, फोनमध्ये गुपचूप टाकायचं अॅप, या सगळ्याला हाच नियम. जो दुसऱ्याची खासगी माहिती तुम्हाला विकतो, त्याच्याकडे तुमच्या मुलीचे फोटो, पत्ता आणि घरातल्या अडचणी तुम्ही विश्वासाने ठेवणार आहात, याचा विचार करा.

स्त्रीच्या बाबतीत तर कायदा फार स्पष्ट आहे. पुरुषाने तिच्या इंटरनेटवर, ईमेलवर नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली गुन्हा आहे. त्यात गुन्ह्याच्या तपासासाठी सूट आहे, पण ती राज्याने ज्याच्यावर जबाबदारी सोपवली त्याला. तुम्ही नेमलेल्या माणसाला नाही. सुनेवर ‘लक्ष ठेवायला’ सांगणारे सासरे माझ्याकडे येतात, त्यांना मी हे कलम वाचून दाखवते.

चांगला गुप्तहेर काय करतो? सोसायटीत, कामाच्या ठिकाणी, गावात रीतसर विचारपूस. सार्वजनिक जागी काय दिसलं त्याची तारीख-वेळेसह नोंद. आणि उघड दस्तऐवज. त्यातले कितीतरी तुम्ही घरबसल्या पाहू शकता. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती दिसते, शेतीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. आधी हे करा. यातच काही खोटं निघालं, तर पुढचा खर्च वाचला. शिवाय प्रामाणिक गुप्तहेर हे स्वतःहून सांगतो. न सांगता त्याचेच पैसे लावणाऱ्यापासून सावध राहा.

घटस्फोटाच्या खटल्यासाठी नेमत असाल, तर आधी वकिलाशी बोला. १४ जुलै २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पती किंवा पत्नीने गुपचूप रेकॉर्ड केलेलं आपसातलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरलं. तेव्हापासून ‘आता काहीही चालतं’ असा समज पसरलाय. तो निकाल दोघांच्या आपसातल्या बोलण्याविषयी होता. तिऱ्हाइताला घरात माइक लावायची मुभा त्याने दिलेली नाही. फोटो, व्हिडिओ दाखल करायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे ते कोणत्या यंत्रावर कसे तयार झाले हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं, आणि ज्याने ते टिपले त्याला उलटतपासणीला उभं राहावं लागू शकतं. पैसे घेताना तयार असणारे कितीतरी जण तेव्हा फोन उचलत नाहीत.

म्हणून करार कागदावर हवा. काम काय, कुठल्या मार्गाने, फी किती आणि कोणत्या टप्प्याला, अहवाल कुणाच्या हातात, काम संपल्यावर फोटो-फाइलींचं काय होणार, कोर्टात साक्षीला कोण येणार, हे सगळं त्यात लिहून घ्या. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. ‘आमच्या धंद्यात लेखी काही नसतं’ असं कुणी म्हणालाच, तर अॅडव्हान्स देऊ नका. दुसरी एजन्सी बघा.