‘ॲडिक्शन’ म्हणजे काय? रोमच्या साखळदंडापासून तलफेपर्यंत

(कॅमेऱ्याकडे पाहून)

नमस्कार. ‘ॲडिक्शन’ हा शब्द आला आहे थेट कर्जवसुलीतून!

(पडद्यावर: बारा फलकांचा कायदा, रोमचा जुना लिखित कायदा, इ.स.पू. 451-450)

रोममध्ये कर्ज सिद्ध झालं की फेडायला 30 दिवस मिळत. नंतर सावकार कर्जदाराला धरून न्यायाधिकाऱ्यापुढे आणी. जामीन मिळाला नाही, तर माणूसच सावकाराच्या हवाली. हे हवाली करणं म्हणजे ‘ॲडिक्टिओ’ आणि तो माणूस ‘ॲडिक्टस’. पुढे 60 दिवस बेड्या. घरचं अन्न नसेल तर रोज एक रोमन पौंड धान्य. लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी त्याला चौकात उभं करून रकमेचा पुकारा व्हायचा. कुणीच सोडवलं नाही, तर मृत्यू किंवा टायबर नदीपलीकडे विक्री.

आपला ‘व्यसन’ शब्द मात्र फेकण्यावरून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, आठव्या अधिकरणात म्हटलंय: माणसाला श्रेयसापासून, म्हणजे कल्याणापासून, दूर फेकतं ते व्यसन. त्यात जुगार, दारू, शिकार आहे, तसेच पूर आणि दुष्काळही आहेत. व्यसन म्हणजे संकट. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो.

आता दवाखान्यात या. कॅन्सरचा रुग्ण काही आठवडे मॉर्फिन या वेदनाशामकावर आहे. ते एकदम थांबवलं की जांभया, नाक गळणं, पोटात कळा, जुलाब. हे अवलंबित्व, शरीराला झालेली सवय. याला व्यसन म्हणू नका. व्यसन लागेल या भीतीपोटी रुग्णाला वेदनेत ठेवणं अन्याय आहे. मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली, डीएसएम-5 (2013), हिच्यात व्यसनाची 11 लक्षणं आहेत. 12 महिन्यांत किमान 2 दिसली तर निदान होतं. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधाची सवय आणि ते थांबवल्यावरचा त्रास त्यात धरत नाहीत.

तलफ हे त्याच 11 मधलं एक लक्षण. टपरी दिसली, चुन्याच्या डबीचा आवाज आला, की उसळते. म्हणून तंबाखू सोडताना आधी रस्ता बदला, डबी घराबाहेर काढा.

आणि दारू? रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम बंद करू नका. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. त्याला दवाखान्यात न्या. तिथे ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन, म्हणजे बी-1 देतात. ग्लुकोज वापरताना शरीरातलं उरलंसुरलं थायमिन संपतं आणि मेंदूला इजा होते. रोज किती प्यायचा, शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांपासून लपवू नका. औषधाचा डोस त्यावरच ठरतो.