पाय म्हणजे कुठून कुठपर्यंत?

नमस्कार श्रोतेहो. मी इंदूरची, रामबागेतली. नर्सिंग इथंच शिकले, पहिली नोकरीही इथलीच. अकोल्याहून आलेली एक मैत्रीण माझ्याबरोबर वॉर्डात होती. देवासकडची एक पेशंट तिला म्हणाली, "सिस्टर, जी घबरा रहा है." ही आपली "घाबरू नका हं" म्हणून पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि बाईंनी तिच्या अंगावरच उलटी केली! मी महिनाभर हसत होते.

माझी पाळी आली जर्मनीत, स्टुटगार्टला.

जर्मन भाषेची बी-2 पातळीची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास होऊन मी तिथल्या वॉर्डात उभी राहिले. जर्मन शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात घोटून घेतलं होतं: 'बाइन' म्हणजे अख्खा पाय, 'फूस' म्हणजे घोट्याखालचं पाऊल. ऐंशी उलटलेल्या एक आजी म्हणाल्या, फूस दुखतोय. मी मोजा काढला, बोटं चेपून पाहिली, टाच पाहिली. काही नाही. तसं लिहूनही टाकलं. दुखत होती मांडी! तिथल्या स्वाबियन बोलीत फूस म्हणजे कमरेपासून नखापर्यंत सगळा पाय. म्हणजे आपल्या मराठीसारखंच की! आपल्या आजीचा 'पाय' दुखतो, तेव्हा आपण नाही का विचारत, "कुठं गं, गुडघ्यात?" मी तेवढं विचारलं असतं तर...

त्या रात्री खोलीवर जाऊन रडले. नुसत्या शब्दासाठी नाही. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, जे इथं नातेवाईक किंवा आयाबाई करतात, ते तिथं नर्सचंच काम. एवढं शिकून हेच का, असं वाटायचं. पण खरं सांगू? माझं जर्मन सुधारलं ते अंघोळ घालतानाच. पाठ चोळताना माणूस बोलतो, आणि पुस्तकातलं बोलत नाही. 'हेबन' म्हणजे उचलणं, असं मी शिकले होते; आजींच्या तोंडी ते धरणं. एकदा त्यांनी 'टेपिश' मागितला. म्हणजे गालिचा. मी गोंधळून पाहत राहिले, तशा त्या कुडकुडून दाखवू लागल्या. पांघरूण हवं होतं!

पुढच्या हिवाळ्यात हाम्बुर्गचा एक मुलगा नवीन लागला. अस्सल जर्मन. एका रात्री तो बावचळून माझ्याकडे आला. म्हणाला, सात नंबरचे आजोबा गालिचा मागताहेत, भ्रम झालाय बहुतेक, डॉक्टरांना बोलवू का?

मी कपाटातून ब्लँकेट काढून त्याच्या हातात दिलं.