दुपट्टा कोणत्या थरावर बांधायचा

पडद्यावर हे जे दिसून राहिलं ना, निळसर तोंडाचा, डोक्याला रुमाल बांधलेला, याचं नाव म्हणजे नुसता नंबर, ५८२२. फेब्रुवारी २०२२ मध्ये हा ८,००० इथरला, म्हणजे एका डिजिटल चलनात, विकला गेला, त्या वेळच्या भावानं २ कोटी ३० लाख डॉलरच्या वर. रुपयात हिशोब करा, पावणेदोनशे कोटीच्या आसपास जाते. आता चित्र मोजा. आडवे २४ चौकोन, उभे २४, झाले ५७६. बस, एवढंच आहे ते. त्यातले बी कितीतरी रिकामे.

क्रिप्टोपंक्स म्हणतात याला. जून २०१७ मध्ये लार्वा लॅब्सवाल्या दोघांनी, मॅट हॉल आणि जॉन वॉटकिन्सन, असे १०,००० चेहरे इथेरियमवर, म्हणजे इथर ज्यावर चालते त्या ब्लॉकचेनवर (पुष्कळ कॉम्प्युटरवर ठेवलेली एकच नोंदवही समजा), टाकले आणि त्यातले ९,००० फुकट वाटले, ज्याला पाहिजे त्यानं घ्या, फक्त नेटवर्कची फी भरा. आता १०,००० चेहरे कोण बसून काढते बाप्पा, प्रोग्रामनं जोडले ते, सुटे भाग ८७ : टोप्या, चष्मे, दाढ्या, कानातलं, तोंडातली पाइप. माणसं ६,०३९, बाया ३,८४०, झॉम्बी ८८, वानरं २४ आणि एलियन फक्त ९. एलियन ९ च काऊन? बनवणाऱ्यानं तेवढेच ठेवले म्हणून. बाजारात ज्याला लोक दुर्मिळ दुर्मिळ म्हणून डोक्यावर घेतात ना, तो कोणीतरी कीबोर्डवर टाइप केलेला आकडा असते, हे एकदा कळलं की भाव ऐकून छाती दडपत नाही आणि आपण बनवणाऱ्याच्या बाजूला येऊन बसतो. मला आज तुम्हाला त्या बाजूला बसवायचं आहे, विकत घेणाऱ्याच्या नाही.

आणखी एक गंमत ऐका. सुरुवातीला ती चित्रं ब्लॉकचेनवर नव्हतीच. सगळे चेहरे एकाच मोठ्या चित्रात लावले होते, २,४०० बाय २,४००, एका ओळीत १०० अशा १०० ओळी, आणि काँट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेल्या प्रोग्राममध्ये, होता त्या फाइलचा फक्त हॅश, म्हणजे फाइलीचा अंगठा समजा. प्रत्यक्ष चित्रं चेनवर गेली ऑगस्ट २०२१ मध्ये. पण त्या मोठ्या चित्रामुळं आपलं पहिलं गणित फार सोपं होते : नंबरला १०० नं भागा, भागाकार म्हणजे ओळ, बाकी म्हणजे त्या ओळीतली जागा, मोजणी शून्यापासून. ५८२२ साठी ओळ ५८, जागा २२, दोन्हीला २४ नं गुणा की कोपरा सापडला, तिथून २४ बाय २४ चा तुकडा कापा. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, तिच्यात चित्रांसाठी पिलो नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आहे, तिच्यात हे दोन-तीन ओळीत होते. लॅपटॉप नसन तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, तिथं पायथन चालते आणि त्यात पिलो आधीच टाकलेली असते.

कापून पाहायला ठीक, शिकायला ठीक. पण दुसऱ्याचे चेहरे कापून विकायच्या भानगडीत पडू नका, आपले बनवू, आपल्याकडं डोकी काय कमी आहेत!

घरी आजीनं दोसुतीवर टाके मोजून मोर भरलेला असन, तसंच आहे हे, घर मोजायचं आणि रंग भरायचा. फाइलमध्ये २४ ओळी लिहा, प्रत्येक ओळीत २४ अक्षरं. टिंब म्हणजे रिकामं, क म्हणजे काळी कड, त म्हणजे कातडीचा रंग, प म्हणजे पांढरा. काना-मात्रा लावू नका, पायथन ‘का’ ला दोन मोजते आणि सगळी ओळ सरकते. मग प्रोग्राम एकेक अक्षर वाचून त्या घरात तो रंग टाकते, टिंबाच्या जागी पारदर्शक सोडते. चेहरा एक फाइल, मिशी दुसरी, चष्मा तिसरा, पांढरी टोपी चौथी, सगळ्यांचं माप तेच २४ बाय २४, म्हणून एकावर एक ठेवले की आपोआप जागेवर बसतात, मिशी कपाळावर जात नाही.

खरी मजा दुपट्ट्यात आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं रस्त्यावर चेहरा दिसतच नाही, डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात, मग आपल्या संचात दुपट्टा नसन तर तो वऱ्हाडातला संच कसा? पण तो ठेवायचा कोणत्या थरावर? सगळ्यात वर ठेवला तर चष्मा झाकला जाते, मिशीच्या खाली ठेवला तर दुपट्ट्यावर मिशी उगवते आणि माणूस भूत दिसते. क्रम असा धरा : चेहरा, केस, मिशी-दाढी, नाककान, मग दुपट्टा किंवा टोपी, आणि शेवटी चष्मा. कोणत्या चेहऱ्याला काय लावायचं ते प्रोग्राम चिठ्ठी काढून ठरवते, आणि दुपट्टा आला की नथ, मिशी, बाळी यांची चिठ्ठीच काढायची नाही, कारण झाकलेली नथ दिसत तर नाही पण यादीत ‘नथ आहे’ म्हणून राहते आणि मोजणी खोटी पडते. हे दोन-चार नियम लिहायला चित्र काढण्यापेक्षा जास्त डोकं लागते, आणि माझ्या मते कला तिथंच आहे.

नथीचं बी सांगतो. तीन-चार घरात नथ काढायची, मोती दाखवायला गेलं तर मुरूम दिसते. एक घर सोनेरी, त्याखाली एक पांढरं, एक लाल, एवढंच ठेवा, बाकीचं पाहणाऱ्याचा डोळा भरते.

आता मोजा, चेहऱ्याचे रंग ४, डोक्यावरचे प्रकार ८, डोळ्यांचे ५, नाककानाचे ६, गुणाकार ९६०, दुपट्ट्याचा नियम लावला की थोडे कमी. चिठ्ठी काढायला पायथनमध्ये रँडम चॉइसेस आहे, त्याला वजन देता येते, टोपीला ४०, दुपट्ट्याला ३०, फेट्याला २. झाला फेटा दुर्मिळ! मोठं करताना २० पट करा, ४८० बाय ४८०, आणि पद्धत निअरेस्ट द्या, म्हणजे जवळच्या घराचाच रंग घेते, नाहीतर कडा पुसट होऊन सगळं चित्र धुक्यातलं दिसते.

ज्याला आपल्या नावाचाच चेहरा पाहिजे त्यानं चिठ्ठी सोडून द्यावी आणि नावाचा शा-२५६ हॅश काढावा, त्यातून ३२ आकडे मिळतात, पहिल्यावरून कातडीचा रंग, दुसऱ्यावरून डोकं, असं. तेच नाव, तोच चेहरा, आज बी आणि पुढच्या वर्षी बी. पायथनचं साधं हॅश वापरू नका, ते शब्दांसाठी दर वेळी प्रोग्राम चालवला की बदलते, पायथनमधली हॅशलिब लायब्ररी घ्या. आणि ज्यांच्या आडनावात कुऱ्हाडे, वऱ्हाडे मधला ऱ आहे त्यांनी सांभाळा. काही कीबोर्ड तो एक अक्षर म्हणून टाकतात, काही र आणि खाली नुक्ता (टिंब) असा दोन तुकड्यात, डोळ्याला फरक नाही पण हॅश अलग, म्हणजे एकाच माणसाला दोन चेहरे. त्यावर उपाय आहे, आधी पायथनच्या युनिकोडडेटा मधलं नॉर्मलाइज एनएफसी, म्हणजे तुकडे जोडून एक अक्षर करणारं, चालवायचं, दोन्ही एक होतात, मग हॅश.

चला, पहिल्या रांगेतल्या ताई, नाव सांगा तुमचं, टाकून पाहू.