सालाझारच्या तुरुंगातला माणूस आणि गोव्याच्या कागदावरची सही

नमस्कार मंडळी! आज १९ डिसेंबरवर, म्हणजे गोवा मुक्तिदिनावर बोलणार नाहीये, त्यावर दरवर्षी सगळ्यांचे व्हिडिओ येतातच. आजची तारीख आहे ३१ डिसेंबर १९७४. त्या दिवशी दिल्लीत एका करारावर दोन सह्या झाल्या. एक आपल्या यशवंतराव चव्हाणांची, हो, तेच कराडचे, तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते, आणि दुसरी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांची. करार काय, तर गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे भारताचं आहे हे पोर्तुगालला मान्य.

आता गंमत बघा. १९६१ ला सैन्य आलं, पाखले म्हणजे पोर्तुगीज गेले, निवडणुका झाल्या, महाराष्ट्रात जायचं की नाही यावर ओपिनियन पोल झाला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि १९७३ ला वारलेसुद्धा, आणि लिस्बनच्या दप्तरी आपण अजून पोर्तुगालच! गोंयकाराला हे एका वाक्यात कळेल: घर आपल्या ताब्यात, पण एक-चौदाच्या, म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर जुन्या मालकाचं नाव तसंच.

ते नाव काढायला तिकडे आधी सरकार पडावं लागलं. आणि जो माणूस सही करायला आला तो त्या जुन्या सरकारचा कैदी होता, माझा आजचा मुद्दा एवढाच आहे.

सोआरिशचा जन्म १९२४ चा, लिस्बनचा. वडील शिक्षक, स्वतःची शाळा होती, कोलेजिओ मोदेर्नो. पोरगा इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकला, मग कायदा. आणि कॉलेजच्या वयापासूनच पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या विरोधात. तिथली गुप्त पोलीस म्हणजे पीडे, त्यांनी याला डझनभर वेळा उचलला, सगळं मिळून तीनेक वर्षं आत काढली. १९४९ ला लग्न केलं तेही तुरुंगात असतानाच, बायको मारिया बारोझो, नाटकातली अभिनेत्री. पुढे वकील झाला आणि केसेस कुठल्या घ्यायच्या, तर राजकीय कैद्यांच्या. जनरल देलगादो, जे सालाझारला आव्हान देत निवडणुकीला उभे राहिले होते, त्यांचा १९६५ ला पीडेने स्पेनच्या हद्दीत खून केला, त्यांच्या घरच्यांचा वकील हाच. शेवटी १९६८ ला सरकारने खटलाबिटला न चालवता याला सरळ आफ्रिकेजवळच्या साव तोमे बेटावर पाठवून दिला.

थोडं थांबते, कारण इथे गोव्याची माणसं येतात.

१९४६ ला लोहियांची मडगावची सभा झाली, त्यानंतर टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे वगैरे मंडळींना पकडून पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. आणि मोहन रानडे! सांगलीकडचे, गोव्यात मराठी शिकवायला आले होते, १९५५ मधे बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात पकडले गेले, पुढची चौदाएक वर्षं तुरुंगात, त्यातली कितीतरी लिस्बनजवळच्या काशियशमधे, तीही एकट्याला कोठडीत. सुटले १९६९ ला. गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटली होती आणि गोव्यासाठी लढलेला मास्तर अजून आतच. म्हणजे त्या काळात एकाच राजवटीच्या कैदेत एकीकडे आपले लोक आणि दुसरीकडे त्यांचे स्वतःचे लोक. आपल्याकडे 'पोर्तुगीज' म्हटलं की सगळे एकाच पोत्यात घालतात, ते मला म्हणूनच पटत नाही.

पुढे सालाझार खुर्चीवरून पडला, खरोखरच्या खुर्चीवरून हां, त्याच्या जागी काएतानो आला, सोआरिश परत आला, पण १९७० ला पुन्हा देशाबाहेर. फ्रान्समधे विद्यापीठांत शिकवलं आणि १९७२ ला पॅरिसमधून फ्रेंचमधे पुस्तक काढलं, हुकूमशाहीने पोर्तुगालचं तोंड कसं बंद केलंय त्यावर. १९७३ ला जर्मनीत बसून समाजवादी पक्ष काढला. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधे क्रांती झाली, कार्नेशन फुलांवाली, आणि २८ ला हा पॅरिसहून ट्रेनने लिस्बनच्या स्टेशनात उतरला. मे महिन्यात परराष्ट्रमंत्री! तीन आठवड्यांपूर्वी परदेशात मास्तरकी करणारा माणूस आता देशाच्या वतीने सह्या करणार.

आता करार. यात मला सगळ्यात आवडतं ते पहिलं कलम. पोर्तुगाल भारताचं सार्वभौमत्व मान्य करतो, कधीपासून? तर हे प्रदेश भारताच्या घटनेनुसार भारतात सामील झाले त्या तारखांपासून. आणि आपली बारावी घटनादुरुस्ती लागू आहे २० डिसेंबर १९६१ पासून. म्हणजे 'आक्रमण' नाही, 'मुक्ती' नाही, माफी नाही, काहीच न बोलता तेरा वर्षांचं भांडण मागच्या तारखेने मिटवलं. वकिली डोकं! दोन्ही बाजूंना घरी जाऊन सांगण्यासारखं काहीतरी मिळालं.

पण सही झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. मुक्तीच्या आधी बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेत गोव्यातल्या लोकांनी सोनं ठेवलेलं, बरंचसं गहाण, ते १९६१ ला लिस्बनला गेलं. करारात मालमत्तेचे प्रश्न बोलणी करून सोडवू असं आहे, आणि ते दागिने परत यायला उजाडलं १९९१. तोवर गहाण ठेवणारी आजी राहिलीय कुठे, पावती घेऊन नातवंडं रांगेत! आणि तेव्हा पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष कोण? सोआरिशच. मधे दोनदा पंतप्रधान होऊन १९८६ ला राष्ट्राध्यक्ष झाला होता.

आणि उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको. गोव्याचं काम त्याच्यासाठी सोपं होतं, इथे सोडायला हातात काही उरलंच नव्हतं. अंगोलात पोर्तुगीज गेल्यावर यादवी पेटली, पूर्व तिमोरमधे इंडोनेशिया घुसला, लाखो पोर्तुगीज आफ्रिकेतलं घरदार सोडून परतले, त्यातले कितीतरी जण याला आयुष्यभर शिव्या देत राहिले. सगळा दोष एकट्याचा नव्हता, पण हे सगळं सुरू झालं तेव्हा, मार्च १९७५ पर्यंत, परराष्ट्रमंत्री तोच होता ना.

१९९२ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत प्रमुख पाहुणे म्हणून आला. आणि ७ जानेवारी २०१७ ला वारला तेव्हा पोर्तुगालचे पंतप्रधान होते आंतोनिओ कोश्ता, त्याच्याच पक्षाचे, आपल्या मडगावच्या घराण्यातले, घरचं नाव बाबुश, आणि ते त्या दिवशी भारताच्या दौऱ्यावर होते. काही दिवसांनी ते मडगावच्या वाडवडिलांच्या घरीही येऊन गेले. त्यांचे वडील ओर्लांदो द कोश्ता, तेही लेखक, तेही पीडेच्या कैदेत राहिलेले, त्यांच्यावर पुढचा व्हिडिओ करतेय.

तोवर तुमच्या घरातलं कोणी पेनिश किंवा काशियशला होतं, किंवा बँकेतल्या त्या सोन्याची पावती कोणाच्या पेटीत अजून पडलेली असेल, तर खाली लिहा.