रेझिन तापते तेव्हा

मंडळी, वाळूज एमआयडीसीत फायबरचं काम करणारे दोघं-तिघं तरी इथं बसलेले असतील. त्यांना विचारा, मे महिन्यात रेझिन घट्ट करायला हार्डनर किती टाकता? हिवाळ्यापेक्षा कमी. ४२ अंशांच्या उन्हाळ्यात तेवढंच टाकलं, तर साचा निम्मा भरायच्या आत प्लास्टिकचा मग चटका देतो, धूर सुटतो, उरलेली रेझिन तडकते. म्हणून कारागीर एका हाताचा तळवा मगाला लावूनच काम करतो. तीच रेझिन काचतंतूंच्या मॅटवर रोलरनं पातळ पसरली की मात्र जेमतेम कोमट लागते. रसायन तेच. फरक एवढाच, की मगातली उष्णता अडकते आणि पातळ थरातली निघून जाते. म्हणजे नुसत्या थर्मामीटरवरून वेग कळत नाही. दर सेकंदाला किती उष्णता बाहेर पडते, ते मोजावं लागतं.

आता माझी तक्रार. मोनोमरचे लहान रेणू जुळून पॉलिमरच्या लांब साखळ्या होतात, ते पॉलिमरायझेशन; रेझिनही अशीच घट्ट होते. कॉलेजात त्याचा वेग कसा शिकवतात? अर्ध्या-अर्ध्या तासानं नमुना काढायचा, मिथेनॉलमध्ये ओतून पॉलिमर खाली बसवायचं, गाळायचं, वाळवायचं, तोलायचं. दिवसभरात पाच-सहा ठिपके मिळतात. पोरं त्यांतून पट्टीनं रेघ ओढतात आणि जर्नलवर सही होते. अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा मोनोमर असलेल्या मिथाइल मेथाक्रिलेटची सगळी गंमत दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत घडते आणि ती कुणालाच दिसत नाही! मिश्रण घट्ट होत जातं, तशी वाढत्या साखळ्यांची टोकं एकमेकांना भेटेनाशी होतात, साखळ्या संपणं मंदावतं. मोनोमर लहान, तो पोहोचतच राहतो. वेग एकदम उसळतो. हाच ट्रॉम्सडॉर्फ परिणाम. नमुन्यातून दर सेकंदाला किती उष्णता बाहेर पडते ते मोजणारं यंत्र म्हणजे डीएससी. एका प्रयोगशाळेत मी ते कव्हर घालून ठेवलेलं पाहिलं. पाहुणे आले की तेवढं कव्हर निघतं. वॉटसन आणि ओ'नील यांनी १९६२ मध्ये हे तंत्र विकसित केलं, ते पोरांनी वापरायला नको?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुद्द्याचं भरभर सांगतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत पाच-दहा मिलिग्रॅम नमुना, झाकण घट्ट दाबलेलं. नाहीतर मोनोमर उडतो आणि उडताना उष्णता खातो. तापमान स्थिर ठेवायचं. दर मोलमागे स्टायरीन सुमारे ७० किलोज्यूल देतं, मिथाइल मेथाक्रिलेट ५६च्या आसपास. उष्णतेच्या प्रवाहाला या आकड्यानं आणि मोनोमरच्या मोलसंख्येनं भागलं की दर सेकंदाला त्याचा किती अंश संपतो ते मिळतं. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे तोवरचं रूपांतर. सुरुवातीला रेघ सपाट राहिली तर ऑक्सिजन काढायचा राहिलाय. वेगवेगळ्या तापमानांना हेच करा, सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, हातात येते.

एक खबरदारी. ६० अंशांना मिथाइल मेथाक्रिलेटची अभिक्रिया पूर्ण व्हायच्या आधीच थांबते, कारण मिश्रण काचेसारखं कडक होतं. तेवढं क्षेत्रफळ शंभर टक्के धरू नका. नमुना पुढं तापवा, राहिलेली उष्णता बाहेर येते, ती त्यात मिळवा. साखळ्यांची लांबी मात्र उष्णतेवरून कळत नाही, त्यासाठी जीपीसीसारखी, म्हणजे साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी, वेगळी चाचणी करावी लागते.