आधी गवत, मग ससा

नमस्कार मंडळी. व्हीगन घरात, म्हणजे दूध-मधासकट प्राणिजन्य काहीच न वापरणाऱ्या घरात, कोणता प्राणी पाळावा हा आजचा विषय. त्याला हात घालण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी इथून घरी जाऊन तिला वरणभातावर आणू नये. मांजराचं शरीर टॉरिन हे मांसातून मिळणारं पोषकद्रव्य पुरेसं तयार करत नाही, आणि गाजरातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्वही बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की दृष्टिपटल झिजतं, हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगतं. कुत्रा पिष्ट पचवतो, पण त्याचाही वनस्पतिजन्य आहार पशुवैद्याकडून हिशेब करून घ्यावा लागतो, अंदाजपंचे चालत नाही. घरात आलेल्या प्राण्याला त्याच्या आतड्याला मानवेल तेच खाऊ घालायचं. ज्या व्हीगन घराला मांसाचा डबा उघडायचा नाही, त्या घराने निवड करतानाच गवत खाणारा प्राणी निवडावा.

आता पाळायला सुचणाऱ्या प्राण्यांच्या यादीतून काही नावं आधीच खोडू. पहिलं चांदणी कासव. पानं-गवत खातं, शांत असतं, म्हणून मोह होतो. पण ते आपल्या माळरानावरचं वन्यजीव आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणं गुन्हा आहे. हिरवा पोपटही तसाच. शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लूही तसंच, त्याला सापडलं तिथेच राहू द्यावं, आई संध्याकाळी दूध पाजायला येते. आफ्रिकेचं सुल्काटा कासव बाजारात तळहाताएवढं मिळतं, पुढे ५० किलोच्या वर जातं आणि माणसाच्या आयुष्याइतकं जगतं. शिवाय आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या, म्हणजे सायटिस यादीतल्या, अशा परदेशी प्राण्यांची २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. हॅमस्टर दाणे खाताना दिसतो, पण तो मिश्राहारी आहे, किडेही खातो. चिंचिला खरा गवतखाऊ आहे, पण २५ अंशांच्या वर त्याचे हाल होतात. महाराष्ट्रात त्याला आणणं क्रूरपणाच ठरेल.

उरतात दोघे, ससा आणि गिनीपिग. दोघेही पक्के वनस्पत्याहारी, दोघेही कळपात राहणारे. म्हणून एकटा ठेवू नये. आणि सशाला गिनीपिगची सोबत देऊ नये, त्याच्या मागच्या पायाची लाथ गिनीपिगला इजा करते आणि दोघांचा आहारही वेगळा आहे.

या दोघांचं सगळं आरोग्य आतड्यात आहे. सशाच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. खाल्लेल्या गवताचे जाड धागे कोरड्या गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात, बारीक भाग मागे वळून त्या पिशवीत जातो आणि जंतू त्याला आंबवतात. त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या इवल्या घडासारख्या लेंड्या तयार होतात आणि ससा त्या गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट खातो. किळस मानू नका, ब गटातली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला तिथून मिळतात. त्या जमिनीवर पडून राहू लागल्या तर समजा, आहारात गोड किंवा पिष्टमय काही जास्त झालं आहे, किंवा जाड्या सशाला तिथवर वाकता येत नाही.

रोज सकाळी एक कोरडी लेंडी चिमटीत धरून दाबून बघायची सवय लावा. ती भुसभुशीत फुटावी, आत पिवळसर गवताचे तंतू दिसावेत, आकार वाटाण्याएवढा असावा. लहान, काळी, टणक झाली तर पाणी किंवा गवत कमी पडतंय. केसाने गुंफलेली माळ निघाली तर केस गळतीचा काळ आहे, रोज फणी करा. आणि १० ते १२ तास लेंडीच पडली नाही, खाणंही थांबलं, तर आतडं थंडावलं आहे. ससा ओकू शकत नाही. आत वायू साचतो, पोट दुखतं, दुखण्याने तो आणखी खात नाही. सकाळपर्यंत थांबणं परवडत नाही, त्याच रात्री पशुवैद्य गाठायचा. हाताने भरवण्याचा उपाय घरच्या घरी करू नका, कारण आतड्यात अडथळा असेल तर त्याने जीव जाऊ शकतो.

हे सगळं टळतं ते वाळलेल्या गवताने. आहाराचा ८० टक्क्यांहून अधिक भाग गवत हवं, दिवसरात्र समोर. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, समोरचे आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. दाणे चावताना तो फक्त वरखाली होतो. मग दाढांच्या कडांना टोकं येतात, जीभ कापते, हनुवटी लाळेने ओली राहते.

दोन किलोच्या सशाला दिवसाला सुमारे १०० ग्रॅम गवत लागतं. जोडी पाळली तर महिन्याला ६ किलो, सांडलवंड धरून ७. हे गवत वर्षभर कुठून येणार, ते ठरल्याशिवाय प्राणी आणू नये. टिमोथी या परदेशी गवताची आयात पाकिटं महाग पडतात आणि कधी कधी बाजारातून गायबही होतात. आपल्याकडचं मारवेल, पवना, डोंगरी गवत चांगलं, पण फुलोऱ्यात असताना, बी पक्व होण्याआधी कापलेलं. कुसळी गवत घेऊ नका, त्याची कुसळं हिरड्यांत आणि डोळ्यांत घुसतात. भाताचा पेंढा अंथरुणाला ठीक, पोटाला निकृष्ट. कोवळी ज्वारी तर नकोच. तिने गुरांना किराळ, म्हणजे विषबाधा, होते हे शेतकऱ्यांना सांगायला नको, सशाच्या बाबतीतही तीच भीती आहे. लसूणघास (अल्फाल्फा) सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना चालतं. मोठ्यांना त्यातल्या कॅल्शियमने मूत्राशयात गाळ आणि खडे होतात.

पावसाळ्यात गवत बुरसतं. गोणपाट किंवा सुती पिशवीत, जमिनीपासून वर फळीवर ठेवा, बंद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. मूठभर काढून हुंगा. सुकलेल्या रानाचा वास यावा. दमट, कुबट आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर ती पिशवीच बाद.

गवतावर भर म्हणून हिरवा पाला. कोथिंबीर, पुदिना, तुळस, हरळी, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, बांबूची पानं. पालक आणि बिटाचा पाला आठवड्यातून एखाद्या वेळी, त्यात ऑक्झलेट असतं. गाजर ही गोड वस्तू आहे, दोन चकत्यांवर थांबा. कांदा, लसूण, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, घाणेरी, रुई, कण्हेर अजिबात नको. फवारणीची भाजी पाण्यात बुडवून, दोनदा धुऊन, निथळून द्या. कोणताही नवा पाला एकेक करून आणायचा, आहार बदलायचा तर दहा दिवस घ्यायचे. गोळीखाद्य सशाच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम.

इथे व्हीगन ग्राहकाने पाकीट उलटून वाचावं. सशांसाठी खाऊ म्हणून दह्याच्या टिकल्या आणि मधात घोळलेले दाण्यांचे दांडे मिळतात. ते आपल्या तत्त्वात बसत नाहीत आणि सशाच्या आतड्यालाही घातक आहेत. रंगीबेरंगी मिश्रणातून ससा गोड तेवढं वेचून खातो, तेही सोडा. गोळीखाद्यातलं ड३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीतून काढलेलं असतं आणि पाकिटावर तसं लिहिलेलं नसतं. गवत भरपूर असेल तर गोळीखाद्य कमी करत नेता येतं.

गिनीपिगची गोष्ट थोडी वेगळी. माणसासारखंच त्याचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही. त्याला रोज वजनाच्या किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅममागे सुमारे ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे किलोभर वजनाच्या गिनीपिगला २५ ग्रॅमची, चार-पाच मोठ्या फोडींची मिरची पुरते. लाल ढोबळीत याहून जास्त. पेरूत भरपूर असतं, पण साखरही असते, म्हणून नखाएवढा तुकडा. पाण्यात थेंब टाकण्याची पद्धत कुचकामी, जीवनसत्त्व काही तासांत विरतं आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. गोळीखाद्यातलंही तीन महिन्यांत उतरतं, तेव्हा उत्पादनाची तारीख बघा. कमतरता दोन-तीन आठवड्यांत दिसते: केस राठ, सांधे सुजलेले, उचललं की किंचाळतो, चालायला तयार नसतो. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. ५० ग्रॅमची घट आजाराची पहिली खूण असते, बाकीची लक्षणं नंतर येतात.

आता प्राणी आणायचा कुठून? विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दुकानातला एक विकला गेला की त्या पिंजऱ्यात दुसरा येतो. हौस फिटली म्हणून सोडून दिलेले ससे प्राणी वाचवणाऱ्या गटांकडे सतत येत असतात, तिथून दत्तक घ्या. लिंग पशुवैद्याकडून तपासून घ्या, कारण लहानपणी ओळख हमखास चुकते. सशाची मादी ३०-३१ दिवसांत विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. दोघांचीही नसबंदी करा. मादीच्या बाबतीत गर्भाशयाचा कर्करोग टाळण्याचाही तोच उपाय आहे. नर शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे वेगळा ठेवावा लागतो. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं, तर दुसरा पशुवैद्य शोधा. गिनीपिगच्या मादीचं पहिलं बाळंतपण सात महिन्यांनंतर झालं तर ओटीपोटाची हाडं मोकळी होत नाहीत आणि मायलेकरं दोघं दगावतात. दोन माद्या ठेवणं सर्वांत निर्धोक.

औषधांबाबत हट्ट नको. औषधात दुग्धशर्करा असली तरी आजारी जिवाला ते द्यायचं. मात्र तोंडाने अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन ही प्रतिजैविकं सशाला आणि गिनीपिगला, दोघांनाही नकोत, आतड्यातले जंतू मरून जीव जातो. कुत्र्याचा गोचीड-पिसवांवरचा फिप्रोनिलचा फवारा सशाला कधीच मारू नका.

चिठ्ठी आली आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात ससा टिकेल का? घरातली खोली २८ अंशांखाली ठेवता येत असेल तरच. गच्ची, गॅलरी, पत्र्याची खोली चालणार नाही. वाळ्याचा पडदा, फरशीचा तुकडा, कापडात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली, आणि वीज गेली तर काय याची तयारी. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, कान तापलेले असतील, तर उष्माघात आहे. बर्फाचं पाणी नको, साध्या गार पाण्याने फक्त कान ओले करा, ओला टॉवेल अंगभर गुंडाळू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. मागचा भाग तळहातावर तोलून त्याला खोक्यात ठेवा, आणि वाटेत कान ओले करत करतच दवाखाना गाठा.