पेशंटही परीक्षकच असतो

नमस्कार श्रोतेहो. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींची परीक्षा कशी घ्यावी, यावर आज बोलायचं आहे. विषय कॉलेजातला वाटेल, पण आपण ज्यांच्यापुढे विश्वासानं नाडी दाखवायला हात पुढे करतो, त्यांना ती बघता येते की नाही हे कुणी आणि कसं तपासायचं, त्याचाच हा प्रश्न आहे.

विद्यार्थी काय शिकतो, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेपेक्षा परीक्षा जास्त ठरवते. परीक्षेत जे बघतात ते तो शिकतो. जे बघत नाहीत, ते कितीही मोलाचं असो, मागे पडतं. लेखी पेपरात न्यूमोनियाची लक्षणं विचारा, तो चोख लिहील. पेशंटच्या पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर त्याला नेमकं काय ऐकू आलं, हे त्या पेपरातून कळायचं नाही.

फार वर्षं यावर इलाज होता तो लाँग केसचा. विद्यार्थ्याला एक पेशंट द्यायचा, त्यानं हिस्ट्री घ्यायची, तपासायचं आणि मग परीक्षकांना येऊन सांगायचं. पुष्कळदा परीक्षक फक्त ऐकतात, तपासताना बघत नाहीत. पुन्हा सांगते, ऐकतात, पण बघत नाहीत.

आता मला फार आवडणारी एक गोष्ट सांगते. हॉवर्ड बॅरोज नावाचे अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. न्यूयॉर्कमध्ये शिकाऊ डॉक्टर असताना न्यूरॉलॉजीच्या मोठ्या परीक्षेसाठी पेशंट आणायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी एक पेशंट निवडला. मज्जासंस्थेचा जुना आजार असलेला, अनेकांनी अनेकदा तपासलेला. आपल्या अंगावर डॉक्टर काय शोधतात, हे त्याला चांगलं माहीत झालं होतं. तळपायावर टोकदार वस्तू ओढली की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणाऱ्या वाटेत बिघाड असेल तर वर उचलला जातो. याला बॅबिन्स्की म्हणतात. या पेशंटला ते ठाऊक होतं.

परीक्षा झाली, आणि नंतर त्यानं बॅरोजना सगळं सांगून टाकलं. तपासणाऱ्यांपैकी एक डॉक्टर त्याच्याशी फार वाईट वागला होता. धसमुसळेपणानं, तुसडेपणानं. म्हणून पेशंटनं काय केलं? बॅबिन्स्की दुसऱ्याच पायावर दाखवला! अंगावर कुठं संवेदना आहे, कुठं नाही, तेही बदलून सांगितलं. त्या डॉक्टरनं काय निदान केलं असेल, विचार करा.

बॅरोजनी त्या पेशंटवर राग धरला नाही. त्यांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. पहिली म्हणजे, माणसाला आजाराची लक्षणं हुबेहूब वठवता येतात. दुसरी माझ्या मते मोठी. तो डॉक्टर पेशंटशी कसा वागला, हे त्या खोलीतल्या एकाच माणसाला पुरतं कळलं होतं, आणि तो होता पेशंट. परीक्षकांना नाही, पेशंटला!

पुढे १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला शिकवत असताना बॅरोजनी चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीला तयार केलं. तिनं 'पॅटी डगर' हे नाव घेऊन मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारानं पाय लुळे पडलेल्या पेशंटची भूमिका केली. विद्यार्थी तिला तपासत, आणि ते गेले की कुणी काय केलं, काय राहिलं, हे ती लिहून देई. असा पेशंट प्रत्येक विद्यार्थ्याला तोच प्रश्न घेऊन भेटतो. तेव्हाच्या बऱ्याच प्राध्यापकांना हा प्रकार शोभेसा वाटला नाही. बॅरोजनी मात्र तो सोडला नाही, म्हणून मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

जाता जाता एक सांगू का? पेशंटशी बोलताना खुर्ची ओढून शेजारी बसणारा डॉक्टर मला नेहमीच जास्त भरवशाचा वाटतो. प्रत्येक खाटेपाशी डॉक्टरसाठी एक स्टूल हवंच, असं माझं ठाम मत आहे.

असो. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डन आणि त्यांचे सहकारी यांनी ऑस्की नावाची परीक्षा मांडली. एकेक टेबल म्हणजे एकेक स्टेशन. घंटा झाली की विद्यार्थी पुढच्या स्टेशनवर. एका ठिकाणी रक्तदाब मोजायचा, दुसऱ्या ठिकाणी पेशंटला वाईट बातमी सांगायची. परीक्षक शेजारी बसून प्रत्यक्ष बघतो आणि ठरलेल्या यादीवर खुणा करतो. १९९० मध्ये जॉर्ज मिलर या वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञांनी डॉक्टरच्या कौशल्याच्या पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, आणि रोजच्या कामात खरोखर करणं. लेखी पेपर खालच्या दोन पायऱ्यांपर्यंत पोचतो. ऑस्की तिसरीपर्यंत. चौथी वॉर्डातच दिसते.

म्हणून शिक्षकांना माझं सांगणं आहे की, वॉर्डात विद्यार्थी खऱ्या पेशंटला तपासत असताना पंधरा मिनिटं गप्प उभं राहून बघा. लगेच बाजूला नेऊन काय जमलं, काय सुटलं ते सांगा. मार्क नंतर द्या, नाही दिले तरी चालतील. मात्र त्याआधी पेशंटला विचारा, "या मुलानं तुमचं नीट ऐकून घेतलं का? हात लावण्याआधी विचारलं का?" त्याचं उत्तर विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, शिक्षकाच्या शेऱ्याशेजारी लिहिलं गेलं पाहिजे. नमस्कार.